आपल्या ८०८५ च्या संचाबाबत, सविनय

नेर परसोपंत, जि. यवतमाळ
गुरुवार, दि. ११ सप्टेंबर २०२५

आदरणीय व्याहीसाहेब श्रीमान रामरावजी वानखडे, मुक्काम अमरावती, यांसी,

नेरहून बाबाराव ढोले याचा आणि घरातून सौ. मैनाबाईचा आपणां उभयतांस दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. आपणही खुशाल असाल असे धरून चालतो, कारण प्रेरणा फोनवर तसेच सांगते. (ती आमची मुलगी असली तरी आता आपली सून आहे, त्यामुळे आपल्या घराबद्दल तिच्याकडून चांगल्याशिवाय दुसरी बातमी निघत नाही. आमच्या घराबद्दल मात्र ती लग्नाआधी सगळ्या गल्लीला खरे सांगत असे.) आपला डावा गुडघा जिना चढताना वाजत असे, तो आता कसा आहे? विहीणबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले आणि त्यांना दूरचे स्पष्ट दिसू लागले हे ऐकून बरे वाटले. जावईबापू अक्षय यांस आशीर्वाद. पाऊस ठीक आहे, सोयाबीन शेंगांवर आहे, आणि पिकात शिरणाऱ्या रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, त्रास मागच्या वर्षीइतकाच आहे.

फोन सोडून पत्र का लिहितो ते आधी सांगतो. फोनवर आपण समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देत नाही. हा दोष नव्हे. तीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवलेल्या माणसाला समोरून वाक्य येण्याची सवयच नसते. दुसरा मार्ग म्हणजे मोबाइलवरचा आपला ‘सोयरे परिवार’ हा गट, पण त्यात एकाहत्तर माणसे आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते एकालाच सांगण्यासारखे आहे. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो. पाकीट आपणच उघडावे.

विषय आपल्या संचाचा. मागच्या दिवाळीत आपण नेरला आलात तेव्हा निळ्या पेटीतला आपला ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा प्रशिक्षण संच माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, “बाबारावजी, हा बंद पडला आहे. तुमच्यासारख्याच्या हाती देतो, दुसऱ्या कोणाच्या दिला नसता.” त्याला दहा महिने झाले. मधल्या काळात आपण तीनदा विचारणा केलीत आणि तिन्ही वेळा मी काम चालू आहे असे कळवले. ते खोटे नव्हते. फक्त काम संचावर चालू नव्हते, माझ्यावर चालू होते.

‘तुमच्यासारख्याच्या’ म्हणजे कोणासारख्याच्या, याचा खुलासा करणे आता भाग आहे. साक्षगंधाआधीची आमच्या घरची बैठक आपल्याला आठवत असेल. सगळे ठरत आले होते, पोहे झाले होते, आणि तेवढ्यात आपल्या थोरल्या बंधूंनी विचारले की मुलीचे वडील कशात होते. मी पंचवीस वर्षे एका जिनिंगच्या आवारात ट्रकच्या धरमकाट्यावर होतो. कापसाचा ट्रक काट्यावर चढला की खोलीतल्या डब्यावर वजनाचा आकडा येतो, तो पाहून बटण दाबायचे, चिठ्ठी निघते, ती ड्रायव्हरच्या हातात द्यायची. एवढेच काम. पण समोर आपण, अणुविद्युत म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे निवृत्त विभागप्रमुख, बाजूला अभियंता मुलगा, आणि दाराआड प्रेरणा कान देऊन उभी. आता असे आहे की एकोणीसशे शहाण्णव साली तो आकड्याचा डबा एकदा बंद पडला होता आणि नागपूरहून आलेल्या मेकॅनिकने तो माझ्यासमोर उघडला होता. आत चाळीस पायांचा एक काळा किडा बसलेला होता. मेकॅनिक म्हणाला, हा ८०८५, याच्यावरच सगळं चालते. ते वाक्य माझ्याजवळ अठ्ठावीस वर्षे पडून होते, ते त्या बैठकीत बाहेर आले. मी म्हणालो, “पंचवीस वर्षं ८०८५ वर होतो.” त्यावर आपण खुर्चीतून उठून माझे दोन्ही हात हातात घेतलेत. आपले डोळे भरले होते. अशा वेळी मधेच काट्याचा विषय काढणे मला बरे दिसले नाही. (वाक्य तसे पूर्ण खोटेही नव्हते. डबा टेबलावर होता आणि मी खुर्चीवर, म्हणजे मी ८०८५ च्या वर नसून समोर होतो, एवढाच फरक.)

संच घरात आला त्याच दिवशी मैनाबाईने पेटी उघडून पाहिली. आत हिरवी पट्टी, तीवर छोट्या छोट्या कळा, आणि आकडे उमटायच्या सहा काळ्या खिडक्या.

“हे काय होय?”

“जुन्या काळच्या संगणकाचा मेंदू आहे. बंद पडला आहे.”

“अन् तुमी दुरुस्त करान?”

“थोडी उजळणी करावी लागेल.”

“तुमाले मिक्सरचं भांडं बसवता येत नाही,” ती म्हणाली. “त्यायले सांगून काहून नाही देत, का मी काट्यावर होतो मनून?”

मी म्हणालो, मुलगी तिथे नांदते आहे. संच तिने गोधड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला आणि वर चार गोधड्या रचल्या.

उजळणीसाठी पुस्तक पाहिजे म्हणून पहिल्यांदा इथल्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल प्रियंकाताई नव्या आहेत आणि फार कष्टाळू आहेत. मी म्हणालो, ८०८५ चे पुस्तक द्या. त्या आत गेल्या. अर्ध्या तासाने केसांना जाळे लागलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि पुस्तक पुसून माझ्या हाती दिले. दाखल क्रमांक ८०८५, शेळीपालन. त्यांचे कष्ट पाहता नाही म्हणवले नाही. घरी आणून वाचले. (शेळीच्या पोटात चार कप्पे असतात ही माहिती तेव्हापासून माझ्याजवळ आहे.) दुसऱ्या खेपेला मी मायक्रोप्रोसेसर असा शब्द स्पष्ट उच्चारला, तेव्हा त्यांनी मायक्रो एवढ्यावरून सूक्ष्म सिंचनाचे पुस्तक काढून दिले. तिसऱ्या खेपेला मी पेपर वाचून परत आलो. माझे मित्र धावजी राठोड टेलिफोन खात्यात लाइनमन होते, त्यांना विचारले. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “८०८५ म्हंजे कपाशीचं वाण का तुरीचं?” मी म्हणालो, विजेवर चालणारे आहे. ते म्हणाले, मग आपल्याला माहीत नाही, पण बोंडअळी येत नसेल तर एक पाकीट मलाही सांगा.

त्यानंतर मोबाइलवरचे व्हिडिओ. ते पुष्कळ आहेत, आणि पुष्कळ असणे हीच त्यांची अडचण आहे. मी एका हिंदीत शिकवणाऱ्या मास्तरांना धरले. आवाज मोठा, अक्षर चांगले. पण ते दर पाच मिनिटांनी सांगत की हा सवाल दस नंबर का है, हा पाच नंबर का है, और यह वाला आज तक आया नहीं तो छोड़ दीजिए. मला परीक्षा द्यायची नव्हती, त्यामुळे जे सोडून दिले तेच पाहिजे होते. चौसष्ट पाठ होणार असे पहिल्या पाठात सांगितले होते. अकराव्या पाठानंतर ते दिसेनासे झाले. खाली एका विद्यार्थ्याने लिहिले होते की सरांची बँकेत निवड झाली, अभिनंदन. मीही अभिनंदन लिहिले. तेव्हा मी मेमरीच्या अर्ध्यात उभा होतो.

मग इंग्रजी पुस्तक. कोणा सज्जनाने आठशे पानांचे जुने पुस्तक फोटो काढून इंटरनेटवर फुकट ठेवले आहे. मोबाइलवर त्याचे एक पान काडेपेटीएवढे दिसते. मी रोज आंघोळीनंतर दोन पाने, शब्दकोश आणि भिंग घेऊन, असे वाचू लागलो. पुस्तक खरोखर चांगले होते, लेखकाला घाई नव्हती. पण फोटो काढणाऱ्याचा अंगठा एकशे बारा, एकशे तेरा आणि एकशे चौदा या तीन पानांवर आला आहे आणि नेमका ‘स्टॅक’ हा विषय त्या तीन पानांत आहे. त्यामुळे स्टॅक माझ्यासाठी आजही अंगठ्याखाली आहे. अंगठ्याखाली काय असेल हे विचारायला मी परदेशी हौशी मंडळींच्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवले. तिथे जगभरची निवृत्त माणसे जुने प्रोसेसर जमवतात आणि एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागतात. मी लिहिले, माझा संच बंद आहे, कारण काय असावे. एका गृहस्थांनी इंग्रजीत विचारले, तुमचा क्लॉक काय आहे? मी भिंतीकडे पाहून दहा वाजून वीस मिनिटे असे कळवले. नंतर समजले की प्रोसेसरच्या नाडीला क्लॉक म्हणतात. त्यांनी मात्र रागावून काही लिहिले नाही. अनेक वर्षांत इतके नेमके उत्तर कोणी दिले नव्हते, असे ते म्हणाले.

जानेवारीत यवतमाळला दाताच्या कामाने गेलो होतो, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला एक गाइड सापडले. ‘मायक्रोप्रोसेसर, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका’. निम्मी उत्तरे आकृती पाहा अशी सुरू होत होती आणि आकृत्यांची पाने कोणीतरी फाडून नेली होती. म्हणजे गाइड म्हणून ते कामाचे नव्हते. परंतु समासात पेन्सिलीने केलेली टिपणे होती, आणि व्याहीसाहेब, आतापर्यंत हाती आलेल्या साहित्यात ती टिपणे सर्वांत उत्तम होती. एका ठिकाणी लिहिले होते, ‘पत्ता लिहिताना आधी मागचे दोन आकडे, मग पुढचे. का ते विचारू नये.’ दुसरीकडे, ‘हे पाठ करू नको, हाताने करून पाहा.’ आणि पान चाळीसवर, ‘वानखडे सरांनी हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा वेगळं.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. पुढे पान त्रेपन्नवर, ‘प्रॅक्टिकल: सरांनी फळ्यावर घेतलं.’ पान साठवर, ‘प्रॅक्टिकल: फळा.’ त्यानंतर प्रॅक्टिकलपुढे नुसती रेघ होती. (विद्यार्थी मास्तरांबद्दल काहीही लिहितात, आपण मनावर घेऊ नये. मीही घेतले नाही.) पहिल्या पानावर नाव होते, कु. पंचफुला मडावी, कळंब.

कळंबला चिंतामणीचे देऊळ आहे, त्यामुळे कारण शोधावे लागले नाही. संकष्टीला दर्शन घेतले आणि पंचफुला मडावी यांचा पत्ता विचारला. पहिल्याच माणसाने हात करून दाखवले. त्या आता पंचेचाळिशीच्या आहेत आणि शेतातल्या पंपाच्या मोटारी गुंडाळून देण्याचे त्यांचे दुकान आहे. मी गेलो तेव्हा त्या एका मोटारीत हात कोपरापर्यंत घालून बसल्या होत्या. मी गाइड पुढे केले. त्यांनी हात पुसला, पाने चाळली आणि म्हणाल्या, “काकाजी, हे आमच्या आईनं रद्दीत टाकलं होतं. तुमाले कायले पायजे?” आपले नाव मी सांगितले नाही. एका नातेवाइकाचा संच बंद आहे, एवढेच बोललो. बोलता बोलता तंत्रनिकेतनाचा विषय निघाला. “सर चांगले होते,” त्या म्हणाल्या. “आवाज चांगला, कधी कोणाले हिडीसफिडीस केलं नाही. पण ८०८५ चं कीट काचेच्या कपाटात होतं. आमी तीन वर्षं ते बाहेरून पाह्यलं.” मी आपली बाजू घेतली. म्हणालो, साठ मुलांत एक संच असेल तर मास्तर तरी काय करतील. त्या म्हणाल्या, “तेच तं. त्यायनंही बाहेरूनच पाह्यलं.” आणि पुन्हा मोटारीत हात घातला.

तेव्हापासून सहा संकष्ट्या मी कळंबला जात होतो. दर वेळी पंचफुलाबाई मोटारीवर तार गुंडाळता गुंडाळता एक धडा सांगत आणि शेवटी विचारत, “कीट आणलं काय?” दर वेळी मी म्हणे, पुढच्या खेपेला. संच उघडला आणि तो माझ्या हातून पुरताच गेला, तर आपल्याला काय तोंड दाखवू, ही भीती होती. शिवाय शिकणे मला आवडू लागले होते, ते संच दुरुस्त झाल्यावर थांबेल असेही वाटत होते. त्यांचा पहिला धडा असा की, “घरी मिसळणाचा डबा आहे ना? त्याच्यात सात वाट्या असतात. याच्यातही सातच.” हे मला चौसष्टपैकी अकरा पाठांत कोणी सांगितले नव्हते. घरी येऊन मी मैनाबाईच्या डब्यातल्या वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ए, बी, सी, डी, ई, एच, एल. तिखट ए मध्ये ठेवले, कारण सगळे व्यवहार ए मधूनच होतात.

संध्याकाळी भाजी फोडणीला टाकताना तिने ते पाहिले आणि डबा माझ्यासमोर आणून ठेवला. आता सांगणे भाग होते. मी म्हणालो, या मेंदूला मूव्ह, म्हणजे हलव, असा हुकूम दिला की बी मधले ए मध्ये जाते. बी मधली हळद ए मध्ये टाकून दाखवली, तिथले तिखट बाहेर काढले. मग बरणीतून तेवढीच हळद पुन्हा बी मध्ये भरली, कारण इथे दिले तरी देणाऱ्याचे कमी होत नाही, फक्त घेणाऱ्याचे आधीचे जाते.

“मंजे नकलून घेतलं,” ती म्हणाली. “मंग हलवलं काहून म्हणता?”

हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही पुस्तकात कोणी विचारलेला नाही. तिने पुन्हा वाट्या मोजल्या. “अन् ई नंतर एकदम एच? मधचे दोन कुठी गेले?” पुढच्या संकष्टीला मी पंचफुलाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, एफ आहे पण तो वेगळा राहतो, आणि जी नाहीच. घरी येऊन तसे सांगितले. मैनाबाईचे समाधान झाले. ती म्हणाली, प्रत्येक घरात असं एखादं राहतेच. तिचे शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी नाही. पण या मेंदूशी बोलायला दहा आकडे आणि इंग्रजीची पहिली सहा अक्षरे पुरतात. ती सहा अक्षरे तिने चार दिवसांत पाठ केली आणि तिथेच थांबली. पुढची कायले, असे तिचे मत आहे.

आषाढातल्या संकष्टीला ती म्हणाली, मीही येतो दर्शनाला. एसटीत तिच्या मांडीवर एक मोठी पिशवी होती, वर नारळ. दर्शन झाले, आम्ही दुकानात गेलो. पंचफुलाबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात मैनाबाईने नारळ बाजूला ठेवून पिशवीतून गोधडीत गुंडाळलेली निळी पेटी काढली. “आणलं,” ती म्हणाली. मला त्या वेळी काय वाटले ते लिहीत नाही.

पंचफुलाबाईंनी संचाला वीज जोडली. सहाही खिडक्या काळ्या. मी मनात क्लॉक, मेमरी, पत्त्याच्या तारा अशी सगळी उजळणी सुरू केली. त्यांनी तसले काही केले नाही. त्यांनी एकेक कळ दाबून सोडली. सगळ्या कळा दबून वर येत होत्या. एक दबलेलीच होती. ती रीसेटची. “ही दाबून धरली का प्रोसेसर पहिल्यापासून सुरू कराले बसते,” त्या म्हणाल्या, “अन् सोडलीच नाही तं बसूनच राहते.” कळेभोवती काहीतरी तपकिरी वाळले होते. त्यांनी नख लावून वास घेतला आणि चहा, असे निदान केले. मैनाबाईने वास घेतला आणि दुधाचा, साखरेचा, अशी भर घातली. आपल्याला तीन वर्षांपासून साखर बंद आहे हे मला ठाऊक असल्याने मी ठामपणे खंडन केले. (हा परिच्छेद विहीणबाईंना वाचून दाखवण्याची आवश्यकता नाही.) स्पिरिटचा बोळा फिरवला, कळ टुप्पकन वर आली, आणि खिडक्यांत लाल रेघा उमटल्या. सगळ्याला दहा मिनिटे लागली. मी आठ महिने अभ्यास केला होता.

मग पंचफुलाबाई म्हणाल्या, “काकाजी, आता तुमी.” मी एकेक कळ दाबून आठ आकडे भरले. ए मध्ये दोन ठेव, त्यात तीन मिळव, उत्तर मेमरीच्या अमुक खोलीत ठेव, थांब. खोलीचा पत्ता मागून पुढे लिहिला. खोली उघडली. लाल अक्षरांत पाच. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, दोन आणि तीन पाच होतात हे मला आधीपासून माहीत आहे. तरी मी त्या पाचकडे बराच वेळ पाहत बसलो. पंचवीस वर्षे माझ्यासमोर आकडे येत होते, ते सगळे ट्रकने आणलेले. हा पहिला आकडा मी सांगितला म्हणून आला होता. मैनाबाई म्हणाली, चला, गाडी जाईन. मग पंचफुलाबाईंना तिने नारळ दिला.

तर अशी हकिकत आहे. मी काट्यावर होतो, ८०८५ वर नव्हतो. हे आपल्याला साक्षगंधाच्या आधी समजायला हवे होते, ते दीड वर्ष उशिरा कळवतो आहे. प्रेरणाचा यात काही दोष नाही. आपल्याला राग आल्यास तो माझ्यावर काढावा, तिच्या चहात उतरू देऊ नये. संच सुस्थितीत आहे आणि या पत्रासोबत आपल्या सेवेत सादर पाठवत आहे. पोच द्यावी. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार.

आपला नम्र,
बाबाराव ढोले

ता. क. : संच सोबत पाठवलेला नाही. वरचे वाक्य लिहून झाल्यावर मैनाबाईला वाचून दाखवले, तेव्हा तिने पाठवायला नकार दिला. तिने पंचफुलाबाईंना फोनवर विचारून संचात वेळ मोजण्याचा हुकूम भरून घेतला आहे. इडलीला बारा मिनिटे लागतात, तो बाराला पोचला की लाल आकडे थांबतात. सध्या संच ओट्यावर, पाण्यापासून दूर, असा ठेवला आहे. त्याच्याजवळ चहा नेण्यास मला मनाई आहे.

ता. क. २ : काट्याचे मी सांगितले ते सांगायलाच हवे होते, पण पत्राचे खरे कारण ते नव्हे. मागच्या आठवड्यात मी प्रेरणाला फोनवर सगळे कबूल केले आणि विचारले की, बाई, बाप काट्यावर होता हे तुला ठाऊक होते, मग सासऱ्यांनी संच इकडे आणला तेव्हा अडवले का नाहीस? ती म्हणाली, “बाबा, मामाजी रिटायर झाल्यावर रोज सकाळी तो संच गच्चीवर मांडून बसत होते. समोर पुस्तक, बाजूला चहा. त्यायचं शिकणं नुकतंच चालू झालं होतं. मंग तो बंद पडला तं दोन दिवस धड जेवले नाहीत. तुमी ८०८५ वर होते हे ऐकून त्यायले वाटलं, आता कोणीतरी शिकवन. मले वाटलं, दोघांतून एक तरी शिकन.” व्याहीसाहेब, साठ मुले, एकच संच, आणि मोडला तर नोंदवहीत आपले नाव. मी असतो तर मीही कपाट उघडले नसते, किल्ली विहिरीत टाकली असती. हे मी कोणाला बोललो नाही, बोलणार नाही. पंचफुलाबाईंना आपले नाते अजून माहीत नाही.

ता. क. ३ : म्हणून विनंती अशी की, संच नेण्यासाठी नव्हे तर राहण्यासाठी, आठ दिवस सवड काढून नेरला यावे. विहीणबाईंनाही आणावे. अमरावतीहून एसटी दर तासाला आहे, आणि आमच्याकडे जिना नाही. मी शिकवू शकणार नाही, मी अजून अंगठ्याच्या अलीकडेच आहे. स्वयंपाक आटोपल्यावर अकरा ते बारा मैनाबाई ओट्याजवळ तास घेते, तिचा सब-रूटीन हा स्टॅकच्याही पुढचा धडा झाला आहे. आपण येणार असे तिला सांगितले तेव्हा तिने विचारले, “त्यायले पहिल्यापासून सांगा लागन का?” मी म्हणालो, अगं, त्यांनी तीस वर्षे हाच विषय शिकवला आहे.

ती म्हणाली, “मंग पहिल्यापासूनच सांगा लागन.”